देगेचं तोंड उघडायच्या आधी

पेशंटला राग आला की तो डॉक्टरांवर काढता येत नाही. सिस्टरवर काढावा तर पुढची सुई जरा जोरात टोचेल अशी भीती. घरच्यांवर काढावा तर ते नेमके औषध आणायला खाली गेलेले. मग उरतं काय? जेवणाचं ताट. आणि ते ताट घेऊन उभी असलेली मी. सोलापुरातल्या ऑपरेशनच्या एका खासगी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात माझी सगळी नोकरी झाली. तिथं मी जितकी बोलणी खाल्ली तितक्या भाकरी खाल्ल्या नसतील. तरी सांगते, उद्या कुणी परत बोलावलं तर पदर खोचून हजर होईन.

ह्या दिवाळी अंकाच्या ताई म्हणाल्या, "मावशी, तुमच्या नोकरीतलं लिहा." मी म्हटलं, माझी शाळा सातवीपर्यंत, मला लिहिता कुठलं येतंय. त्या म्हणाल्या, "बोलता तसं लिहा." आता भोगा तुम्ही सगळे.

दिवाळीच्या अंकात पित्ताशयातल्या खड्यांवर लिहिणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण हंगाम तोच असतो हो. फराळ संपला, लग्नं सुरू झाली, की आमच्या वॉर्डात माणसं उजव्या बरगडीखाली हात दाबून यायला लागायची. "मावशी, इथनं कळ निघतीय ती पार मागं खांद्याच्या पात्यापर्यंत." काय खाल्लं होतं विचारलं की सगळे आधी "काहीच न्हाय" म्हणायचे. जरा वेळानं, "बुंदी तेवढी घेतली होती," असं हळूच बाहेर यायचं.

ही पिशवी काय भानगड आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपलं लिव्हर पित्त तयार करतं. आपण आंबट ढेकर आला की पित्त झालं म्हणतो, ते नव्हे. हा तेल-तूप पचवायला लागणारा रस. तो साठवायला लिव्हरच्या खाली एक पिशवी असते, लांबट कोवळ्या वांग्याएवढी. आपण जेवलो, जेवणात थोडं तेल असलं, की ती आवळते आणि रस आतड्यात सोडते. ह्या रसात कोलेस्टेरॉल विरघळलेलं असतं. आता तुम्ही गुलाबजामचा पाक केलाय ना? साखर जास्त पडली आणि पातेलं हलवाहलव न करता तसंच ठेवलं, की तळाला खडे धरतात. पिशवीत तसंच होतं. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं आणि पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली नाही, की खडे. आमच्याकडे आहाराच्या एक मॅडम यायच्या, त्यांना मी प्रश्न विचारून विचारून पार दमवलं, तेव्हा हे एवढं माझ्या डोक्यात बसलं. पाकाची उपमा मात्र माझी. मॅडमना आवडली आणि मग त्या ती पेशंटला स्वतःची म्हणून सांगायच्या. 

साखर, मैदा, डालडा, तळण, बसून बसून वाढलेलं वजन, ह्यांनी पित्त बिघडतं. भाजी, फळं, डाळी, कोंड्यासकट धान्य, मूठभर शेंगदाणे, बेताचं तेल, ह्यांनी धोका कमी होतो. कमी होतो म्हणतेय मी, जातो म्हणत नाही. आईला खडे असले तर लेकीलाही व्हायची शक्यता असते, बाळंतपणं झालेल्या बाईला जास्त असते, साखरेच्या पेशंटला असते. उगाच सगळं ताटाच्या माथी मारू नये. ताटाची बाजू घेणारं आहेच कोण माझ्याशिवाय!

आणि एक. जेवणानं नवा खडा टाळायला मदत होते, झालेला खडा जेवणानं विरघळत नाही. हे सांगून सांगून माझा घसा बसला. माळशिरसकडचे एक ऊसवाले तात्या होते. मला म्हणाले, "मावशी, ऑपरेशन न्हाय करायचं मला. सकाळ-सांजच्याला तांब्याभर हुलग्याचं पाणी पितुया. आमच्या मेव्हण्याचा खडा पडला की त्यानं."

"तात्या, मेव्हण्याचा मुतखडा होता."

"खडा त्यो खडाच की!"

"त्यांची वाट वेगळी, तुमच्या पिशवीची वाट वेगळी. हुलग्याचं पाणी तिथं जातच नाही."

"आवो, जाईल की हळूहळू. पाण्याला काय कुटं बी वाट घावती."

तात्या गेले आणि परत आले ते डोळे हळदीसारखे पिवळे करून. खडा पिशवीतनं घसरून नळीत अडकला होता. वाचले, चांगले खडखडीत बरे झाले, पण घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. असे किती तात्या माझ्या डोळ्यांदेखत हुलग्याकडं गेले. ते आठवलं की अजून चुकचुकायला होतं.

पण मला सांगायचं आहे ते नसीमआपांबद्दल.

नसीमआपा लग्नाघरचा स्वयंपाक करायच्या. हे काम पुरुषांचं. त्यांचे सासरे नावाजलेले आचारी, मग नवरा. नवरा वारला तेव्हा लोकांना वाटलं आता ह्या देगा विकतील. आपांनी देगा घासून घेतल्या आणि पुढच्या लग्नाला स्वतः चुलीपुढं उभ्या राहिल्या. देग म्हणजे ते भलंमोठं तांब्याचं भांडं, दोन माणसांनी उचलायचं. शहरात आपांच्या दालच्याला, म्हणजे मटण घातलेल्या आंबट डाळीला, आणि बिर्याणीला नाव होतं. बाई उंच, धिप्पाड, आवाज असा की वॉर्डात बोलल्या तर मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

एका लग्नातनं त्यांना थेट आमच्याकडे आणलं, पोटात मरणाची कळ घेऊन. सोनोग्राफीत पिशवी खड्यांनी भरलेली. कळ थांबली, सलाईन निघालं, आणि मी पहिलं ताट घेऊन गेले. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी. आपांनी झाकण उचललं, वाकून वास घेतला, झाकण परत ठेवलं.

"सुमनबाई, हे शिजवलंय का नुसतं धुतलंय?"

"तेल बंद आहे सध्या आपा. तेल पोटात गेलं की पिशवी आवळते, आत खडे आहेत, परत कळ येईल."

"तेल बंद, कबूल. मिठानं काय गुन्हा केला?"

बाजूच्या कॉटवरची बाई टाके धरून हसली. मी मनात म्हटलं, ही आपल्याच जातकुळीतली आहे.

डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल. त्रास देणारे खडे असले की तोच उपाय. आपांनी ठाम सांगितलं, "नक्को."

"का?"

"पिशवी काढल्यावर चव जाते म्हणतात. नंतर तेलाचा थेंब पण चालत नाही म्हणतात. मग मी दालच्याचं मीठ कसं बघू?"

डॉक्टर भले माणूस. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आपा, चव जिभेवर असते. ती आम्ही काढत नाही. लिव्हर पित्त करतच राहतं, ते सरळ आतड्यात उतरतं. साठवायची पिशवी नसते एवढंच. थोडे दिवस जपायचं, मग हळूहळू सगळं खाल."

"साहेब, तुम्ही कधी दालचा केलाय? त्याची चव जिभेनं नाही कळत. इथनं कळते." आणि आपांनी पोटावर हात ठेवला, नेमका त्या पिशवीवर.

डॉक्टर म्हणाले, "विचार करा." आपा म्हणाल्या, "बघू." सोलापुरात "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी त्या भिंतीला धरत धरत माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. पेशंटनं तिथं यायचं नसतं. पण त्यांना हाकलायची माझी काय बिशाद! स्टुलावर बसल्या आणि माझा कांदा चिरणं बघून नाक मुरडलं.

मी विचारलं, "आपा, तुमचं खाणं काय असतं हो?"

"खाणं? मी खातच नाही. चिमणीएवढं. म्हणून तर मला कळत नाही. खाणाऱ्यांना होऊ दे की खडे, मला कशाला?"

"म्हणजे कधी जेवता?"

मग हळूहळू उलगडलं. पहाटे चुली पेटायच्या. तिथनं नुसता चहा, गोड, आणि एखादी खारी. दिवसभर चहावर चहा. चव घ्यायची ती थेंबभर, जिभेवर ठेवून थुंकायची. वासानंच पोट भरतं म्हणायच्या. आणि शेवटचा पाहुणा उठला, भांडी घासायला गेली, की मग देगेच्या तळाशी उरलेला सगळ्यात तुपकट भात. लग्नाचा हंगाम म्हणजे रोज हेच.

"मधे दोन घास खाल्ले तर?"

आपा ताठ झाल्या. "आमच्या सासऱ्यांचं सांगणं होतं. आखरी मेहमान उठेपर्यंत आचाऱ्याचा हात ताटात जायचा नाही. आधी खाल्लं तर लोक काय म्हणतात माहिती आहे? मटणाच्या चांगल्या चांगल्या बोट्या हिनंच उडवल्या. नाव जातं बाई. देग राहते, नाव जातं."

आता हे मला नवीन नव्हतं. आमच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेची खीर मीच करते, आणि शेवटची वाटी जाईपर्यंत माझ्याही तोंडात काही जात नाही. आपल्याकडं रांधणारी बाई शेवटी जेवते, ह्यात कुणाला काही वावगं वाटतच नाही. पण पिशवीला रीत कळत नाही. दिवसभर पोटात काही गेलं नाही की ती आवळत नाही, पित्त आत साचून राहतं. वर तो गोड चहा. पातेलं हलवलं नाही आणि साखर घालत राहिलो, असं झालं. मी हे आपांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. माझं वय झालं. मी माझी कळ सोसते."

आणि गोष्ट इथंच संपली असती. पण शबाना होती.

शबाना म्हणजे आपांची लेक. आईच्या हाताखाली तयार झालेली, पुढं देगा तिच्याच हाती जायच्या. ती दिवसभर आईच्या उशाशी बसलेली असायची. मी एकदा तिला पोह्यांची बशी दिली. "नको मावशी. अम्मी जेवली नाही अजून." दुपारी चपाती-भाजी दिली. "अम्मीचं होऊ दे." मी म्हटलं, अगं, तुझी अम्मी ह्या घडीला पेशंट आहे, तिचं जेवण घड्याळावर आहे, तुझं कशावर आहे? ती हसली आणि उठताना तिनं उजव्या बाजूला हात धरला. मी तो हात ओळखते हो. सगळी नोकरी तो हात बघण्यात गेली.

खोदून विचारलं तेव्हा कळलं. एका लग्नात कुणी टवाळानं टोमणा मारला होता, "देग कुठली आणि शबाना कुठली, ओळखूच येईना." तेव्हापासून पोरीनं जेवण सोडल्यात जमा केलं होतं. लिंबूपाणी आणि काकडी. कपडे अंगावर लोंबायला लागले होते आणि ती खूश होती. मी तिला हाताला धरून मॅडमकडं नेलं. मॅडम म्हणाल्या, असं झपाट्यानं वजन उतरलं की लिव्हर पित्तात आणखी कोलेस्टेरॉल ओततं, आणि उपाशी पोटी पिशवी हालत नाही. बारीक व्हायचं तर सावकाश व्हायचं, जेवून व्हायचं. सोनोग्राफी करून घे.

सोनोग्राफीत खडा नव्हता. पण पिशवीच्या तळाशी गाळ दिसत होता. डॉक्टर म्हणाले, हा गाळ जाऊ शकतो, किंवा ह्याचेच पुढं खडे होऊ शकतात. आत्ता औषधापेक्षा हिला वेळच्या वेळी जेवायची गरज आहे.

आपा ऐकत होत्या. एरवी वॉर्ड दणाणून सोडणारी बाई, पण आवाज अगदी खाली आला. मग मला म्हणाल्या, "सुमनबाई, मी लोकांच्या पोरींच्या लग्नात हजार तोंडं जेवू घातली. आणि माझी पोर माझ्या बाजूला उपाशी उभी होती."

मी म्हटलं, "आपा, तुम्ही खाल्लं तर ती खाईल."

शबानानं लगेच मान हलवली. "अम्मी उभी असताना मी बसून जेवू? मला नाही जमणार."

बघा म्हणजे. आपांनी ऑपरेशनला त्याच दिवशी होकार दिला, त्यात त्यांना आता काही वाटेना. पण खरा पेच तो नव्हताच. पेच हा, की लेकीचा गाळ जायचा असेल तर आईनं पाहुण्यांच्या आधी जेवायला हवं. म्हणजे सासऱ्यांची रीत मोडायला हवी, आणि ती चार लोकांत, नावाला बट्टा लावून घेऊन. आपा म्हणाल्या, "पोटाला चिरा दे म्हटलं तर देते. हे कसं करू?"   काही गोष्टी मॅडमच्या आहाराच्या तक्त्यात बसत नाहीत.

ऑपरेशन छान झालं. पेज झाली, मऊ भात झाला, आणि मग आमटी दिली त्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या बायका आपांच्या कॉटकडं बघत होत्या. आपांनी चमचा तोंडाला लावला. डोळे मिटले. मी पदराचं टोक पिळत उभी.

"सुमनबाई."

"काय आपा?"

"मीठ कमी. चिंच जास्त. हिंग फोडणीत उशिरा पडला."

वॉर्डात टाळ्या पडल्या. माझा असा अपमान आणि मला एवढा आनंद, हे परत कधी झालं नाही.

घरी जाताना आपांचं आणि शबानाचं खाणं आम्ही बसून ठरवलं. मॅडमनी सांगितलं, मी सोलापुरी करून दिलं. सकाळी उठल्यावर ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. दुपारी वेळेवर डाळ, भाकरी, काकडी-गाजर. शबानाला शेंगाचटणी चालेल म्हटल्यावर ती उडालीच. "मावशी, त्यात तेल असतं की!" अगं, असू दे. चमचाभर चांगल्या तेलानं पिशवी आवळते, रिकामी होते. पार कोरडं खाऊन पण पिशवी सुस्तावते. नको आहे तो डालडा, तळण आणि पेल्यावर पेले गोड चहा. हां, ज्याला खड्यांची कळ येते त्यानं ही चटणी माझ्या नावावर खपवू नये, त्यानं डॉक्टरांनाच विचारावं.

शबानाच्या पोटातला गाळ पुढं गेला, हे सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडंच राहील. सगळ्यांचाच जातो असं नाही, डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. तिचा गेला. पण तो कशानं गेला, ते भवानी पेठेतल्या एका लग्नात मी बघितलं.

आपांचं ऑपरेशननंतरचं ते पहिलं मोठं काम. मला आवर्जून बोलावलं होतं. मी हॉलच्या मागं चुलींकडं गेले. बिर्याणीच्या देगा निखाऱ्यावर होत्या. झाकणाच्या कडेनं कणकेची जाड वळकटी लावून तोंडं बंद केलेली, वाफ आत कोंडायला. ती कणीक फोडल्याशिवाय झाकण हलत नाही. आपांनी मला बघितलं, हात धुतले, आणि देगांच्या समोरच, भर वाटेत, चादर अंथरली. कडेला नाही, आडोशाला नाही. घरनं आणलेला डबा सोडला. भाकरी, मेथी, डाळ, कांदा. "बस शबाना. तुम्ही पण बसा सुमनबाई, दवाखान्यात तुम्ही कधी जेवता ते मी बघितलंय."

आम्ही तिघी बसलो. शबाना पाठ वळवून, मान खाली घालून घास घेत होती. तेवढ्यात नवरीचे चाचा आले, पांढरी दाढी, अत्तराचा घमघमाट, मागं दोघं-चौघं.

"आपा, पंगत बसली. देगा उघडा..." आणि ते थांबले. "हे काय? मेहमान बसलेत आणि तुम्ही आधी?"

मागनं एकजण हळूच म्हणाला, "बोट्या निवडून घेतल्या असतील."

 शबानाचे कान लाल झाले. ती ताट सारून उठायला लागली.

आपा उठल्या नाहीत. बसल्या जागेवरनं त्यांनी उलथनं उचललं आणि समोरच्या देगेवर धरलं. "चाचा, जवळ या. हात लावून बघा. कणीक कुठं फुटलीय का? एक एक देग बघा. माझ्या ताटात माझ्या घरची भाकरी आहे. देगेचं तोंड तुमच्यासमोर उघडणार, तुमच्या हातानं. आजपासून माझ्याकडं असंच असणार. ज्याला चालत नाही त्यानं दुसरा आचारी बघावा."

चाचा खरंच वाकले. एका देगेच्या कडेवरनं बोट फिरवलं. मग दुसऱ्या. मग त्यांनी आपांच्या ताटाकडं बघितलं, मेथीकडं, आणि मान खाली घातलेल्या शबानाकडं. मागच्या माणसाला म्हणाले, "पंगतीला जाऊन सरबत फिरव. अजून वेळ आहे म्हणावं."

शबाना तरी उठायच्या बेतात. "झालं माझं अम्मी. लोक थांबलेत."

आपांनी तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं.

"बस. अर्धी भाकरी राहिलीय."

हॉलमध्ये पंगत बसलेली, निखाऱ्यावर देगा, मधे चाचा हात बांधून उभे. आणि शबाना, पहिल्यांदाच सगळ्यांकडं तोंड करून, सावकाश ती अर्धी भाकरी खात होती.